फोटो गेला, पण लागला का?

रविवारी भाचा घरी आला होता. पवनारातच वाढलेला, आता नागपुरात सॉफ्टवेअरच्या कामाला आहे. जेवण झाल्यावरही लॅपटॉप सोडेना. म्हटलं, "काय करून राहिला बे सुट्टीच्या दिवशी?" तर म्हणाला, "मामा, फोटो तर गेले सगळे, पण लागले नाहीत ना!"

मला आधी काही समजलं नाही. मग त्याने जे सांगितलं ते आपण सगळ्यांनीच समजून घेण्यासारखं आहे, म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे.

मोठ्या बांधकामांवर आता तपासणीची यादी, म्हणजे चेकलिस्ट, मोबाइलवर असते. पायाची खोली बरोबर आहे? लोखंड नकाशाप्रमाणे बांधलं? कव्हर ब्लॉक लावले? प्रत्येक ओळीसमोर बरोबरची खूण करायची आणि पुरावा म्हणून फोटो किंवा लॅबचा रिपोर्ट जोडायचा. फायली शेकड्याने असल्या की हाताने कोण जोडत बसणार? ते काम एपीआयमधून होतं. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामला दुसऱ्या प्रोग्रामकडे काम देण्याची ठरलेली खिडकी.

या कामाच्या बऱ्याचदा दोन पायऱ्या असतात. पहिलीत फाइल सर्व्हरवर चढते आणि तिला एक क्रमांक मिळतो. दुसरीत सांगावं लागतं, की हा क्रमांक अमुक यादीतल्या अमुक ओळीला जोड. दुसरी पायरी हुकली तर फोटो सर्व्हरवर आहे, पण ओळ कोरी. ओळीचा क्रमांक चुकला तर त्याहून वाईट. पायाचा फोटो स्लॅबच्या ओळीत जाऊन बसतो आणि संगणक म्हणतो, "यशस्वी". त्याला फाइल पोचली एवढंच कळतं. फोटोत काय आहे हे माणसाने उघडून पाहावं लागतं.

मला माझाच जुना प्रसंग आठवला. नवीन बातमीदार असताना मी खड्ड्यांची बातमी पाठवली, फोटो वेगळा पाठवला, त्याला नाव नीट दिलं नाही. सकाळच्या अंकात खड्ड्यांच्या बातमीवर सत्कार समारंभाचा फोटो! बातमीही पोचली होती, फोटोही पोचला होता. जोड चुकली. लोक हसले आणि विसरले.

बांधकामात हे हसण्यावारी नेता येत नाही. स्लॅब पडला की आतलं लोखंड सहज पाहता येत नाही. त्यापूर्वी काढलेला फोटो हाच साक्षीदार. तोच चुकीच्या ओळीत असेल तर उरते नुसती खूण.

आमचं गाव धाम नदीच्या काठावर, पूल आमच्या रोजच्या वाटेवरचा. म्हणून 2 ऑगस्ट 2016 ची रात्र मी विसरत नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी बस वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असं तेव्हा सरकारकडूनच सांगण्यात आलं. "योग्य" या शब्दामागे कोणता फोटो, कोणतं मोजमाप होतं, हा प्रश्न दुर्घटनेनंतर नाही, खूण करतानाच विचारायचा असतो.

आता तर आपल्या गावातला पैसाही फोटोवर चालतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याहप्त्याने. टप्पा पूर्ण झाल्याचा जिओ-टॅग फोटो चढला की पुढच्या हप्त्याची वाट मोकळी होते. फोटो नीट लागला नाही तर भिंती उभ्या असूनही माणूस छपराविना राहू शकतो.

आणि फोटो लागला म्हणजे काम खरं, असंही नाही. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर जानेवारी 2023 पासून मोबाइल ॲपवर फोटोसह हजेरी सक्तीची झाली. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना लिहिलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढला जातो, एकच फोटो अनेक मस्टरना लावला जातो. यंत्राने सगळं "यशस्वी" म्हणून घेतलं होतं.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. जुन्या कागदी यादीत तर फोटोही नव्हता. पण "अपलोड झालं" हे उत्तर ऐकून घरी येऊ नका. तीन गोष्टी विचारा: फोटो कोणत्या कामाच्या कोणत्या ओळीला लागला? काढला कधी आणि चढवला कधी? चढल्यावर उघडून कुणी पाहिला?

उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार कायदा 2005 आहे. त्याच्या कलम 2 मधल्या व्याख्येत कामाची पाहणी करणं, साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं आणि संगणकातली माहिती त्याच स्वरूपात मिळवणं, हे तिन्ही हक्क आहेत. अर्ज 10 रुपयांचा. एकच विषय, 150 शब्दांच्या आत. अर्जात "तपासणी यादी, तिला जोडलेल्या सर्व फायलींसह" असं स्पष्ट लिहा. नाहीतर खुणा केलेला कागद हातात येईल.

आणखी एक. आपल्या घराच्या बांधकामाचे फोटो स्वतःही काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची आणि वेळेची नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका.

भाच्याचं काम संपायला रात्र झाली. शेवटी तो एकेक ओळ उघडून फोटो डोळ्यांनी पाहत होता. म्हटलं, "यंत्र सांगते ना बरोबर आहे म्हणून?" तर म्हणाला, "यंत्राला त्या स्लॅबखाली झोपायचं नाही ना, मामा."