कात्री लावण्याआधी

आम्हा सोलापूरच्या गणवेश शिवणाऱ्यांचं सगळं वर्ष जूनवर अवलंबून असतं. शाळा उघडायच्या आत कपडे मुलांच्या अंगावर गेले नाहीत, तर त्या मालाला गिऱ्हाईक नाही. त्यामुळे कापड सौद्याप्रमाणे आलं नाही, तरी ‘चालवून घेऊ’ म्हणायची सवय लागते. एका हंगामात मी चालवून घेतलं नाही, त्याची ही हकिकत.

इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याकडून दलालामार्फत शर्टिंगचे ताके मागवले होते. नमुन्याच्या तुकड्यावर दोघांच्या सह्या होत्या. पन्ना ५८ इंच, आणि धुतल्यावर कापड ३ टक्क्यांहून जास्त आटता कामा नये, असं ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. माल आला. रंग जुळला, पन्नाही बरोबर भरला. आमच्या कटिंग मास्तरांनी नेहमीप्रमाणे एका ताक्याच्या टोकाचा तुकडा घेऊन त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखला, तुकडा धुऊन वाळवला आणि पट्टी लावली. लांबी भरली ४७. म्हणजे ६ टक्के आट. मग बाकीच्या ताक्यांचेही तुकडे धुतले. रंगाईचा एक लॉट ठीक निघाला, दुसरा सगळा तसाच आटत होता. ते शर्ट पहिल्याच धुण्यात मुलांना आखूड झाले असते.

“ताई, थर अंथरू का?” मास्तरांनी विचारलं. मी नको म्हटलं. कारागीर बसून राहिले, तरी कात्री लावू दिली नाही. वस्तू विक्री अधिनियम, १९३० मधलं कलम ४२ सांगतं, की माल अजून विक्रेत्याचाच आहे या गोष्टीशी न जुळणारं काही खरेदीदाराने केलं, तर त्याने माल स्वीकारला असं धरलं जातं. कापड बेतून कापणं म्हणजे नेमकं तेच. सौदा एकसंध असेल, तर थोडा माल स्वीकारला तरी बाकीचा नाकारता येत नाही; किमतीत कपात किंवा नुकसानभरपाई तेवढी मागता येते. चलनावर ‘माल मिळाला’ अशी सही दिली म्हणून मात्र काही बिघडत नाही. तपासायची वाजवी संधी मिळाल्याशिवाय नुसत्या पोचेने स्वीकार होत नाही.

‘ग्राहक आयोगात जा,’ असं काहींनी सुचवलं. पण आम्ही कापड धंद्यासाठी घेतो, तो दरवाजा आमच्यासाठी नाही. व्यापाऱ्याच्या बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं होतं. सौदा ठरल्यानंतर एकाने परस्पर छापलेल्या ओळीला दुसऱ्याची संमती म्हणता येत नाही. आणि नमुन्यावर विक्री झाली असेल, तर सगळा माल नमुन्यासारखा असलाच पाहिजे, हे कलम १७ सांगतं.

त्याच दिवशी मी लेखी कळवलं: लॉट नंबर, मोजमापं, फोटो, आणि ‘माल जसाच्या तसा ठेवला आहे, येऊन पाहा.’ नाकारलेला माल परत पोचवायची जबाबदारी खरेदीदारावर नसते. नाकारल्याचं कळवलं की पुरतं. पण कळवायला उशीर करणं हा विक्रेत्यावर अन्याय आहे. तो लघुउद्योजक असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमानुसार १५ दिवसांत लेखी हरकत नोंदवावी लागते.

शेठ स्वतः आले. त्यांनी आपल्या हाताने तुकडा कापला, आमच्याच नळाखाली धुतला, वाळेपर्यंत थांबले आणि स्वतः पट्टी लावली. तो त्यांचा हक्कच होता. आकडा पाहून म्हणाले, “ताई, प्रोसेसवाल्याने मलाही फसवलंय. पण सौदा तुमच्याशी माझा आहे.” खराब लॉट त्यांनी स्वखर्चाने उचलला, बदली माल पाठवला आणि आमच्या जादा पाळीचा खर्च बिलातून वजा करायला मान्यता दिली. चांगला लॉट मी ठेवून घेतला.

ठरलेली वजावट करून उरलेले पैसे मी ४५ दिवसांच्या मुदतीत चुकते केले. लघुउद्योजकाचं बिल त्यापुढे थकवलं, तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. पण मी पैसे वेळेवर दिले ते व्याजाच्या भीतीने नाही. मालातली खोट दाखवून भांडायचं आणि चांगल्या मालाचं बिलही लटकवायचं, हे शोभत नाही. आपला हक्क ठामपणे मागणाऱ्याने दुसऱ्याचा हक्क न मागता द्यावा. बाजारात आपल्या शब्दाला वजन येतं ते त्यामुळेच.