डाव्या हाताची पानं

२८ सप्टेंबर, रविवार
उजव्या मनगटाला प्लास्टर. डाव्या हाताने लिहितो. अक्षर पहिलीतल्या पोराचं. थोडक्यात आटपायचं.
मिस्साला क्रूसाची खूण डाव्या हाताने केली. बाकावरचा एक पोरगा टक लावून बघत होता. कम्युनियनला हातावर हात ठेवता येईना. जीभ पुढे करून उभा राहिलो. अवघडल्यासारखं झालं.

२९ सप्टेंबर
शर्टाची बटणं. सूनबाई म्हणाली, "पप्पा, द्या, मी लावते." नको म्हटलं. वरची दोन उघडीच राहिली.

३० सप्टेंबर
संत तेरेजाचं आत्मचरित्र काढलं. लिझ्यूच्या मठात आजच्याच तारखेला वारली, १८९७. वय २४.

१ ऑक्टोबर
तेरेजाचा सण. चित्रांत गुलाबच गुलाब. लोकांनी तिला फार गोड करून टाकलंय. पुस्तकातली बाई खमकी. कपडे धुताना समोरची सिस्टर घाण पाणी तोंडावर उडवते. मागे सरकावंसं वाटतं, सरकत नाही. एका चिडक्या म्हाताऱ्या सिस्टरला हाताला धरून जेवणघरात नेते. तिला पाव कापायला त्रास होतो, हे हिच्या लक्षात येतं. कोणी सांगितलेलं नसताना कापून देऊ लागते.
प्रवचनात नेहमी पाव कापणारी येते. त्या म्हातारीचं कोणी बोलत नाही. तिला काय वाटत असेल?

२ ऑक्टोबर
मत्तय १८. सर्वांत मोठा कोण, म्हणून शिष्य विचारतात. येशू एका मुलाला मधे उभं करतो. फादर निरागसतेवर बोलले. पटलं नाही. जन्म शाळेत गेला माझा. मुलं कसली निरागस! खोड्या, थापा, मारामाऱ्या. त्या काळी मुलाला ना मान, ना अधिकार. देतील ते घ्यायचं. मुद्दा तिथे असावा.
संध्याकाळी रोझरी. गुरुवार, म्हणून प्रकाशाची रहस्यं. नात सांगत होती. तिसऱ्यावर अडली. "आजोबा, आता कुठलं?" देवराज्याची घोषणा, म्हटलं. लगेच पुढे सुरू. ओशाळणं नाही, काही नाही. मी असतो तर आधी खाकरलो असतो, मग चष्मा पुसला असता.

३ ऑक्टोबर
हात ठणकतो. झोप नाही.

४ ऑक्टोबर
असिसीच्या फ्रान्सिसचा सण. आपल्या संघाला त्याने 'लहान बंधू' हेच नाव दिलं. पुढे त्यांच्यातही वाद झाले, तो भाग वेगळा.
दुपारी सुरमईचं कालवण. सूनबाईने तुकडीतले काटे काढले आणि ताट पुढे सरकवलं. विचारलंसुद्धा नाही. नको म्हणायला तोंड उघडलं होतं. घास घातला.

५ ऑक्टोबर, रविवार
लूक १७. दिवसभर शेतात राबून आलेल्या चाकराने आधी धन्याला वाढायचं, वर आपण बिनकामाचे चाकर म्हणायचं. कडक उतारा. आवडला.
बटणं आज तिने लावली, वरचीसुद्धा. लावताना मासळीच्या भावाबद्दल बोलत होती.
डाव्या हाताची नखं वाढलीत. उजव्याने कापता येत नाहीत. उद्या मुलाला सांगेन. तो सकाळच्या लोकलने जातो, त्याला वेळ कुठला? तिलाच सांगेन.