शब्दांची पंगत

'दाट ओळख' आणि 'घट्ट मैत्री' आपण कधी शिकलो, कुणालाच सांगता येणार नाही. ओळख घट्ट नसते आणि मैत्री दाट नसते, हे कानालाच कळतं. घरात, अंगणात, शाळेच्या वाटेवर शब्द जोडीने कानावर पडत गेले आणि जोडीनेच मुरले. इंग्रजी मात्र आपल्याकडे सुटी सुटी आली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, उद्या पाठ करून या. म्हणून पदवी पदरात पडली तरी लिहायला बसलं की शब्द हाताशी असतात आणि त्यांची संगत ठाऊक नसते.

अलीकडे रात्रीची जेवणं आटोपली की मी ही संगत शिकते आहे. समाज आणि संस्कृतीबद्दल बोलताना इंग्रजीत जे शब्द हटकून जोडीने येतात, ते. वहीच्या एका पानावर मधोमध 'सोशल' लिहिलंय आणि त्याच्याभोवती 'नॉर्म्स', 'मोबिलिटी', 'कोहीजन', 'एक्सक्लूजन'. पुढच्या पानावर 'डीपली रूटेड' आणि त्याच्यासोबत येणाऱ्या रूढी, समजुती, पूर्वग्रह. ही शब्दांची पंगतच आहे. कुणी कुणाशेजारी बसायचं, कुणाला पाट मांडायचा आणि कुणाला नाही, हे त्या त्या समाजाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

शब्दांच्या या संगतीच्या अभ्यासाला आकार आला तो टोकियोत. इंग्रजीचे शिक्षक आणि भाषातज्ज्ञ हॅरल्ड पामर १९२२ साली जपानला गेले. तिथल्या मुलांचं इंग्रजी नेमकं कुठे अडतं याचा शोध घेता घेता त्यांनी १९३३ मध्ये अशा शब्दजोड्यांवरच एक अहवाल काढला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्न्बी यांचा शिकणाऱ्यांसाठीचा कोशही १९४२ मध्ये आधी टोकियोत छापला गेला. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये काढला. आपल्या कपाटातला जाडजूड ऑक्सफर्ड हा त्याचाच पुढचा अवतार. परक्या भाषेत अडखळणाऱ्यांसाठी हे सगळं उभं राहिलं, याचा मला फार आधार वाटतो. आणि शब्द ओळखायचा तर त्याची संगत पाहावी, असं १९५७ मध्ये सांगणारे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ तरुणपणी, १९१९ ते १९२८, लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.

वही भरत गेली तशी एक गोष्ट सलू लागली. 'सोशल एक्सक्लूजन', 'मार्जिनलाइज्ड कम्युनिटीज', 'वाइडनिंग गॅप'. वाचताना वाटतं, सगळं आपोआप घडलं. दरी आपली आपण रुंदावली, माणसं आपली आपण कडेला गेली. मराठीत 'वाळीत टाकलं' म्हटलं की लगेच विचारलं जातं, कुणी? गावकीने, भावकीने, जातपंचायतीने. मग तपशील येतो. वाण्याने सामान द्यायचं नाही, विहिरीवर फिरकू द्यायचं नाही, लग्नाचं बोलावणं नाही, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. महाराष्ट्राने २०१६ साली याविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तसंच 'जात काढली' हे. चारचौघांत कुणीतरी तोंड उघडलेलं असतं, कुणाची तरी मान खाली गेलेली असते. 'कास्ट डिस्क्रिमिनेशन' या जोडीत ते चारचौघे दिसत नाहीत, ते तोंडही दिसत नाही. अहवालांना ही भाषा सोयीची पडते, कारण तिच्यात कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही.

हा इंग्रजीचा दोष मी मानत नाही. त्याला कारण बाबासाहेब आंबेडकर. फर्थ शिकवत होते त्याच लाहोरातल्या जातपाततोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनात अध्यक्षीय भाषणासाठी बाबासाहेबांना बोलावलं. भाषणाचा मजकूर वाचून मंडळाने फेरफार सुचवले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही म्हणून कळवलं. अधिवेशन रद्द झालं. त्यांनी ते भाषण स्वतः छापलं आणि पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. शीर्षक 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. 'ॲनिहिलेशन' म्हणजे समूळ नाश. सैन्यांच्या, युद्धांच्या गोष्टीत शोभणारा शब्द. समाजसुधारकांच्या पंगतीत तेव्हा 'रिफॉर्म' बसायचा, 'अपलिफ्ट' बसायचा. बाबासाहेबांनी 'कास्ट'शेजारी 'ॲनिहिलेशन' आणून बसवला. मंडळाला काय झेपलं नाही, ते या शीर्षकावरूनही उमगतं.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी 'ग्रेडेड इनइक्वालिटी' म्हटलं. 'ग्रेडेड' हा परीक्षेच्या, धान्याच्या प्रतवारीचा शब्द. विषमतेलाही प्रतवारी असते, प्रत्येक पायरीवरच्या माणसाच्या पायाखाली आणखी कुणीतरी असतं, म्हणूनच ती टिकते, एवढं सगळं दोन शब्दांत मावलं. जातीवर लिहिणारे देशोदेशींचे अभ्यासक आज ही जोडी सहज वापरतात. ती इंग्रजीला एका मराठी माणसाने दिली, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंग्रजी शिकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तयार जोड्या पाठ कराच, त्यावाचून लिहिता येत नाही. पण प्रत्येक जोडीपुढे 'कुणी केलं?' एवढं लिहून ठेवा. आणि 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' एकदा मूळ इंग्रजीतून, हातात पेन्सिल घेऊन वाचा.