न्यायाधीशांना कोण सांगणार?

नेदरलँड्समध्ये ज्युरी नाही. खटला पगारी न्यायाधीश ऐकतात आणि निकालाची कारणे लिहून देतात. डीएनएचा अहवाल नीट कळला नसेल, तर ते निकालपत्रात उघडे पडते. तिथल्या न्यायालयांनी न्यायसहायक विज्ञान जाणणारे सल्लागार आपल्याच सेवेत ठेवले, ते यासाठी.

*

हा सल्लागार साक्षीदार नव्हे. नमुने तपासत नाही, पिंजऱ्यात उभा राहत नाही. फाईल वाचतो आणि तज्ज्ञाला काय विचारायचे राहिले ते सांगतो.

*

अहवाल म्हणतो: डाग आरोपीचा असेल, तर असा निष्कर्ष मिळण्याची शक्यता, तो परक्याचा असल्यास असते त्यापेक्षा १०,००० पट. घाईत वाचणारा म्हणतो: डाग आरोपीचाच असण्याची शक्यता १०,००० पट. वाक्ये जुळी वाटतात, पण १० लाख वस्तीच्या शहरात १०,००० माणसांत एक जुळत असेल, तर शंभरेक जण जुळतील. दुसरा पुरावा नसेल, तर आरोपी त्या शंभरातला एक. शिवाय डाग त्याचा ठरला, तरी तो तिथे पडला कसा आणि केव्हा? ते वेगळे विचारावे लागते.

*

आकडा चुकला तर काय होते, याचे उदाहरण हेगची परिचारिका लुसिया द बर्क. तिच्या पाळीत इतके रुग्ण दगावणे किंवा अत्यवस्थ होणे निव्वळ योगायोग असण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक, असा आकडा कोर्टापुढे आला. २००३ मध्ये जन्मठेप. गणितज्ञांनी त्या हिशेबाच्या चिंध्या केल्या. २०१० मध्ये ती निर्दोष सुटली.

*

खटकते ते एवढेच: सरकारी तज्ज्ञाची उलटतपासणी होते, चेंबरमध्ये कुजबुजणाऱ्या सल्लागाराची कशी व्हावी? त्याला सुचलेला प्रश्न न्यायाधीशांनी भर कोर्टात, दोन्ही वकिलांसमोर विचारावा. उत्तर मात्र त्याने देऊ नये.

*

आपल्याकडे ‘सीए रिपोर्ट’ (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) येईपर्यंत तारखा पडतात. आला की सरकारी तज्ज्ञाला न बोलावताही तो पुराव्यात वाचता येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २९३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३२९. त्याच संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञ जाणे बंधनकारक केले आहे. म्हणजे कागद वाढणार.

*

न्यायालयाचा स्वतःचा सल्लागार आपल्या कायद्याला अगदीच अपरिचित नाही: १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ११५ पाहावे. पेटंटच्या दाव्यात न्यायालय स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार नेमू शकते, आणि त्याचा मेहनताना संसदेने मंजूर केलेल्या पैशातून जातो. खुनाच्या खटल्यासाठी असे कलम संहितेत नाही.