फळ्यावरचा पाऊस

सायन्स क्लबच्या फळ्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'कालचा पाऊस 118 मिमी', आणि ऐटीत मेसकडे गेलो. दुपारी सरांनी बोलावलं.

"2 जून 2024 ला बेंगळुरूत 111.1 मिमी पडला. जूनमधल्या एका दिवसाचा 1891 चा विक्रम मोडला, शहरात झाडं कोसळली. आज सकाळी तर आपण मैदानावर पीटी केली. मग?"

मग काय, मान खाली!

आमचं पर्जन्यमापक यंत्र दर दहा मिनिटांनी त्या वेळातला पाऊस निरोप म्हणून ॲमेझॉनच्या 'एसक्यूएस' रांगेत टाकतं. तिथून निरोप उचलून पोस्टग्रेस डेटाबेसच्या टेबलात भरणारा प्रोग्राम माझा. टेबल उघडलं, तर 5:40 ची नोंद चार वेळा!

ही रांग चिठ्ठ्यांच्या पेटीसारखी असते. चिठ्ठी उचलली तरी ती जात नाही, सेटिंग बदललं नसेल तर 30 सेकंद फक्त लपते. तेवढ्यात 'काम झालं, काढून टाका' असं कळवलं नाही, तर पुन्हा दिसते. आमचं नेट रडत चालणारं. माझा प्रोग्राम कळवायला उशीर करायचा आणि तीच चिठ्ठी परत उचलायचा.

मी म्हटलं, "सर, उचलल्याबरोबर काढून टाकतो."

"आणि लिहिण्याआधी लाईट गेली तर?"

तर ती नोंद कायमची गेली. जास्तीची ओळ शोधता येते, हरवलेला पाऊस कुठून आणणार? म्हणून क्रम तोच ठेवला: आधी टेबलात पक्कं लिहायचं, मग चिठ्ठी काढायची. यंत्राचा क्रमांक आणि वेळ मिळून 'प्रायमरी की' केली, आणि नोंद आधीच असेल तर गप्प बसायचं, म्हणजे 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग'. फॉलिनमध्ये एखाद्याने दोनदा 'येस सर' म्हटलं तरी हजेरी एकच लागते, तसं.

खरा आकडा निघाला 47. फळा गुपचूप पुसावा असं फार वाटलं. पण 118 वर रेघ मारली, शेजारी 47 लिहिलं आणि खाली 'दुरुस्ती' म्हणून माझं नाव. ज्युनियर्स दोन दिवस मला 'ढगफुटी' म्हणत होते. रविवारी बाबांनाही फोनवर सांगावं लागलं, कारण त्यांनी 118 चा आकडा साऱ्या साताऱ्याला कळवला होता.

दुसऱ्या दिवशी टेबलात 144 ओळी होत्या. मी दोनदा मोजल्या.