सरळ वाणाची ब्रोकोली

दसरा झाला, पाऊस ओसरला. कोल्हापुरात कोबीवर्गाची रोपं टाकायला हाच हंगाम. यंदा वाफ्यात ब्रोकोलीचं ‘डी सिको’ पेरलंय, इटलीचं जुनं सरळ वाण. मोहरीसारखं बारीक बी, वर चाळलेलं शेणखत. संकरित वाणाचे गड्डे मोठे आणि एकसारखे. पण त्यांचं बी पुन्हा तसंच निपजत नाही. या जुन्या वाणाचा गड्डा लहान, तरी कापल्यावर बगलेतून फुटवे येत राहतात. घरच्या ताटाला तेच सोयीचं.

खरा कस बी धरताना लागतो. एकटं झाड स्वतःच्या परागावर सहसा बी धरत नाही, सोबतीला आणखी झाडं लागतात. शेजारी फ्लॉवर किंवा नवलकोल फुलला, तर मधमाश्या सगळी सरमिसळ करतात. वर शेंगा भरायच्या वेळी नेमकं उन्हाळ्याचं ऊन.

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाणी जपली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ती बियाणी इथल्याच मातीतली. ब्रोकोली पाहुणी खरी, पण दरवर्षी आपल्या उन्हात टिकलेल्या झाडांचंच बी धरत गेलं, तर तीही हळूहळू रुळेल. म्हणून ठरवलंय, सगळ्यांत जोमदार झाडं कापायची नाहीत. ती बियाला सोडायची.