डांबराच्या तळ्यावर 'व्होल्कॅनो'

लॉस एंजेलिसला जाऊन हॉलिवूड साइन बघितली, युनिव्हर्सल स्टुडिओ केला, सगळं ठीक आहे हो. पण 'व्होल्कॅनो' पाहिलेल्या माणसाने ला ब्रेआची तळी चुकवायची म्हणजे काय! 1997 चा सिनेमा. टॉमी ली जोन्स, मेट्रोच्या बोगद्यात शिरलेला लाव्हा, तळ्यातून उडणारे आगीचे गोळे आणि विल्शायर बुलेवार्डवर काँक्रीटचे ब्लॉक लावून अडवलेली ती लाल नदी. लॉजिक शोधायचं नाही. फुल टाइमपास!

प्रत्यक्षात तळं अगदी रस्त्याला लागून. बसस्टॉप, ऑफिसं, लंच अवरला सॅलड खात बसलेली पब्लिक आणि कुंपणापलीकडे काळंशार पाणी. त्यात अडकलेल्या मॅमथचा पुतळा, काठावर त्याचं पिल्लू. वास म्हणाल तर मे महिन्यात पुण्यात रस्त्याचं काम चालू असतं ना, डिट्टो तोच. 'ब्रेआ' म्हणजे स्पॅनिशमध्ये डांबरच. त्यामुळे 'ला ब्रेआ टार पिट्स' म्हणजे 'डांबराचे डांबरखड्डे'. घ्या!

इथे ज्वालामुखी नाही. खाली मॅग्मा नाही, खनिज तेल आहे. ते भेगांतून वर झिरपतं, हलका भाग उडून जातो आणि उरतं ते डांबर. (लाव्हाच हवा असेल तर आपला सह्याद्री आहे की, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.) प्राणी यात सिनेमासारखे गडप होत नसत. काही इंचांच्या चिकट थरात पाय रुतायचे, बस्स. अडकलेल्याला खायला लांडगे यायचे आणि तेही अडकायचे. म्हणून इथे शिकारीच जास्त सापडलेत. डायर वुल्फ तर चार हजारांच्या वर! म्युझियममध्ये त्यांच्या 404 कवट्यांची एक अख्खी भिंत बघितली आणि पाच मिनिटं मी चक्क गप्प.

तळ्यात बुडबुडे येतात तो मिथेन. खरी भीती त्याची. मार्च 1985 मध्ये जवळच्याच फेअरफॅक्स भागात एका कपड्यांच्या दुकानाखाली हा गॅस साठला, स्फोट झाला, 23 जण जखमी झाले. त्यानंतर विल्शायरखालून मेट्रो न्यायचा प्लॅन वीसेक वर्षं लटकला. सिनेमात लाव्हा मेट्रोतून येतो तो उगाच नाही! पुढे बंदी उठली, बोगदाही खोदला गेला.

माझी मावसबहीण याच रस्त्यावर नोकरी करते. "भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"अगं, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गॅसचा अलार्म आहे. वाजला की बाहेर पळायचं. भूकंपाचं टेन्शन त्याहून जास्त," ती कॉफी ढवळत म्हणाली.

निघताना लॉनवर नारिंगी ट्रॅफिक कोन दिसले. गवतातून डांबराचा नवा बुडबुडा वर आला की तिथे एक कोन ठेवून देतात. मी सात मोजले. एकाला टेकून कुणीतरी सायकल लावली होती.